शेवटचे पन्नास फूट

३ मार्च, मंगळवार

माझं मी आधी लिहून ठेवतो. उद्यापासून जो तो आपापल्या सोयीचं सांगत सुटणार आहे.

आज दुपारी सव्वाचारला आमच्या फ्लाइंग क्लबचं शिकवणीचं विमान, दोन माणसांचं, धावपट्टीच्या अलीकडेच टेकलं. धावपट्टी सुरू होण्याआधी पावसाचं पाणी वाहून नेणारा चर आहे, सिमेंटच्या काठाचा. मागची चाकं कशीबशी काठापलीकडे पडली, पुढचं चाक तुटून गेलं, पंखा वाकला आणि आम्ही नाक घासत पन्नासेक पावलं गेलो. मला कपाळाला टेंगूळ आलं. चिमणीचं उजवं मनगट मोडलं.

चिमणी म्हणजे माझी विद्यार्थिनी. चोवीस वर्षांची, अंगानं काटकुळी, आणि बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. आज मात्र तिचा घसा पार बसला होता. सकाळी आली तीच गळ्याकडे बोट दाखवत, आज उड्डाण नको म्हणून हात हलवत. मी म्हटलं, "विमान घशानं उडवतेस की हातानं? चल. आज मीच उतरवतो, तू नुसती बघ."

उंची भरपूर होती. शंभर फुटांच्या वर, मी शपथेवर सांगेन. धावपट्टी उन्हानं जरा पांढुरकी दिसत होती, पण दिसत होती. आणि ऐन उतरताना या पोरीनं न विचारता स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा, आपल्याकडे ओढली. बत्तीस वर्षांत माझ्या हातातून कोणी स्टिक घेतलेली नाही. नाक वर गेलं, विमान डगमगलं आणि पुढचं सगळं झालं. गोष्ट एवढीच आहे.

४ मार्च, बुधवार

दवाखान्यात जाऊन आलो. चिमणीचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. आवाज अजून नाहीच. मला बघून तिनं डाव्या हातानं पेन्सिलीनं एका कागदावर काहीतरी खरडलं आणि माझ्या हातात दिलं. इतकं फिकट आणि बारीक की ब्रह्मदेवालाही लागलं नसतं. मी "बरं, बरं" म्हणून कागद खिशात टाकला.

घरी बायकोला दिला. तिनं मनात वाचला आणि मग मोठ्यानं वाचून दाखवला: "सर, तुम्हाला फार लागलं नाही ना? काळजी करू नका, मी कोणाला काही सांगणार नाही."

काय सांगणार नाही? म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते तिच्या मुठीत आहे, असं तिला मला कळवायचं आहे. सरळ माणूस असं लिहीत नाही. स्टिक ओढल्याचं पाप झाकायला ही आधीच तजवीज करून ठेवते आहे. बायकोला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "अहो, पोर तुमची चौकशी करतेय." आणि उठून गेली. हल्ली माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत उठून जाते.

६ मार्च, शुक्रवार

हँगरमध्ये गेलो. उस्ताद आणि टॉवरवरचा माणूस बोलत उभे होते, मी आत शिरताच दोघांच्या तोंडाला कुलूप. उस्ताद म्हणजे आमचा मेकॅनिक. अठरा वर्षं एकत्र काढली. पूर्वी मला बघून बोलणं वाढायचं, आता थांबतं.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"काय ठरायचंय, मास्तर? उंचीमापक काढून तपासला. काटा अगदी बरोबर, तसूभर चूक नाही."

"कोणी काढायला सांगितलं?"

"चौकशी येणारच. आधीच बघून ठेवलेलं बरं."

चौकशीच्या आधी यंत्राला हात लावायचा आणि वर मलाच ऐकवायचं. कुठेतरी पाणी मुरतंय. परत निघताना पेटीला अडखळून गुडघा फुटता फुटता राहिला. अवजारांची पेटी, भर वाटेत. उस्ताद म्हणतो ती अठरा वर्षं तिथेच आहे. असेल, पण हल्ली हा माणूस वाटेल ते रंगवत सुटलाय. हँगरच्या पायरीला पिवळी पट्टी, पेटीला पिवळी पट्टी, गेल्या वर्षी धावपट्टीच्या तोंडाशी नियमापेक्षा दुप्पट रुंद पांढरे पट्टे. तेव्हा विचारलं तर म्हणाला, "रंग उरला होता." इतका रंग कसा काय उरतो?

८ मार्च, रविवार

संशय नको नको म्हटलं तरी समोर येऊन बसतो. बायको गच्चीवर फोनवर हळू आवाजात बोलत होती. "तुम्ही तरी त्यांना सांगा ना. माझं ऐकत नाहीत," एवढंच कानावर आलं. ती अंघोळीला गेल्यावर तिच्या फोनवरचा शेवटचा नंबर लावला. पलीकडून उस्तादचा आवाज: "बोला वहिनी."

मी काही न बोलता ठेवून दिला. अठरा वर्षांत हा माणूस आमच्या घरी चहाला चार वेळा आला असेल. आता वहिनींशी रविवारी सकाळी गुजगोष्टी. घाणेरडं काही माझ्या मनात नाही, इतका मी खाली गेलेलो नाही. पण दोघांचं काहीतरी ठरतंय आणि ते माझ्याबद्दल आहे. मला घरी बसवायचं, हेच असणार. माझं हे साठावं वर्ष चालू आहे आणि ते पुरं व्हायच्या आधीच सगळे माझे दिवस मोजायला लागलेत.

दुपारी चहा ओतताना अर्धा बशीत, अर्धा टेबलावर गेला. ही नवी किटली तिनंच आणलेली, चोचच वाकडी आहे. तिनं निमूट फडकं आणलं. तिचं ते निमूटपण मला सहन होत नाही.

१० मार्च, मंगळवार

चौकशी अधिकारी आला. पस्तिशीचा, इस्त्रीतला, आवाज कधी चढत नाही. अशा माणसांपासून चार हात लांब राहावं.

प्रश्न काय, तर रोज किती वाचन करता? संध्याकाळी गाडी चालवता का? विमानाशी याचा संबंध काय? मी सरळ सांगितलं की माझी वैद्यकीय तपासणी दर वर्षी चोख होते. क्लबचे डॉक्टर माझ्या शाळेतले मित्र आहेत. अक्षरांचा तक्ता गेली कित्येक वर्षं तोच आहे, डोळे मिटून म्हणून दाखवतो म्हटलं, आणि म्हणूनही दाखवला, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यानं ते सगळं लिहून घेतलं. त्यात लिहून घेण्यासारखं काय होतं?

मग मुद्द्यावर आला. "शिकाऊनं तुमच्या हातातून नियंत्रण घेतलं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"परिणाम तुम्हाला ठाऊक आहेत. हे नोंदवलं गेलं तर तिचं प्रशिक्षण संपलं. दुसरा कुठलाही क्लब तिला घेणार नाही."

पोरीचा हात सोन्याचा आहे, हे खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत असा हात बघितलेला नाही मी. वारा आडवा असला तरी ती विमान असं आणते की बाटलीतलं पाणी हलत नाही. पण जे झालं ते झालं. मी म्हटलं, "लिहा."

त्यानं जबाब वाचायला दिला. मी म्हटलं, माझेच शब्द आहेत, वाचायचे काय, आणि सही ठोकली. त्यानं कागद किंचित फिरवला आणि हळूच म्हणाला, "सर, रेघ खाली आहे. ही सही तारखेवर झाली." पुन्हा करायला लावली. फॉर्म कोणी छापलेत देव जाणे, रेघा अशा की असून नसल्यासारख्या.

१२ मार्च, गुरुवार

आज घरात भांडण. बायकोनं मला न विचारता दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती.

"कशासाठी?"

"तपासून येऊ. एवढंच."

"आमच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी तपासलंय."

"ते तुमचा तक्ता तपासतात. तुमचे डोळे नाही."

"हे तुझं वाक्य नाही. हे उस्तादचं आहे. नाहीतर त्या इस्त्रीवाल्याचं. तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

तिनं हातातली हिशेबाची वही टेबलावर ठेवली. "तुमच्याच," म्हणाली, "आणि कंटाळले आता मी तुमच्या बाजूला राहून." मग रडली. मी तिला थोपटायला गेलो नाही. जायला हवं होतं. पण चौकशी चालू असताना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे हातानं कबुली लिहून देणं, एवढं तिला कळत नाही का? की कळतंय म्हणूनच?

१४ मार्च, शनिवार

आज हातात जे लागलं त्यानं डोकं सुन्न झालंय. सावकाश लिहितो.

आधी आमच्या क्लबातली एक पद्धत सांगायला हवी. ती माझीच, दुसऱ्या कुठल्याही क्लबात नाही. विमान उतरत असताना, स्टिक कोणाच्याही हातात असो, शेजारी बसलेल्या विद्यार्थ्यानं उंची मोठ्यानं सांगत राहायचं. दोनशे. शंभर. आपण खाली आहोत. आता ठीक. पन्नास, तीस, वीस, दहा. एकदा सुरू झालं की चाकं टेकेपर्यंत थांबायचं नाही. त्यानं पोरांचा अंदाज पक्का होतो. अडीच वर्षांपूर्वी सुरू केली आणि तेव्हापासून माझं एकही उतरणं चुकलेलं नाही. त्या मंगळवारपर्यंत.

आज वर्ग रिकामा होता. विद्यार्थ्यांच्या कपाटात मागच्या बाजूला एक जाड वही सापडली. शिकून गेलेल्यांनी पुढच्यांसाठी ठेवलेली असावी. अक्षर मुंगीएवढं. उस्तादच्या बाकावरचं भिंग आणून खिडकीशी वाचत बसलो. वाऱ्याबद्दल, रेडिओबद्दल, परीक्षेबद्दल काय काय लिहिलेलं. आणि मधूनच हे, वेगवेगळ्या अक्षरांत:

"पन्नास फुटांच्या खाली सरांना आपला आवाज लागतो. घाई करू नका. एकेक आकडा नीट सांगा."

"ऊन समोर असेल तर प्रत्येक आकडा दोनदा."

"विमानाकडे जाताना आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. सर आपल्या मागून बरोबर येतात."

"उस्तादना सगळं माहीत आहे. पट्टे त्यांनीच मोठे केले."

"सरांना हे कळू द्यायचं नाही. त्यांच्यासारखं शिकवणारं दुसरं कोणी नाही."

आधी वाटलं, हे सगळं बनावट आहे. उस्ताद आणि पोरांनी मिळून चौकशीसाठी रचलंय. मला म्हातारा, निकामी ठरवायचं आणि मोकळं व्हायचं. पण पहिलं अक्षर मी ओळखतो. तो मुलगा दोन वर्षांपूर्वी इथून गेला, आता मोठी प्रवासी विमानं चालवतो. शाई विटलेली आहे. दोन वर्षं आधीपासून कोणी कट करून ठेवतं का?

ठेवत असेलही. मी वही घरी आणून ट्रंकेत घातली आहे. कोणाला सांगितलेलं नाही.

१६ मार्च, सोमवार

सुनावणी. क्लबच्या ऑफिसात लांब टेबल, एका बाजूला अधिकारी, समोर आम्ही तिघं. चिमणी प्लास्टर मांडीवर घेऊन बसली होती. आवाज परत आलाय, घोगरा, फाटका.

अधिकाऱ्यानं माझा जबाब वाचून दाखवला आणि तिला विचारलं, "हे खरं आहे?"

"हो," ती म्हणाली. "मी स्टिक ओढली. चूक माझी आहे."

उस्ताद ताडकन उठला. "काय चूक? साहेब, मी चर मोजलाय. मागच्या चाकांचा माग काठापासून चार बोटांवर आहे. चार बोटं! हिनं नाक उचललं नसतं तर विमान सरळ काठाच्या भिंतीत गेलं असतं. मग ही खुर्चीही रिकामी आणि ती पण." पहिलं बोट तिच्याकडे, दुसरं माझ्याकडे.

"तुम्ही खाली बसा," अधिकारी म्हणाला. मग तिला, "तुम्ही का ओढलीत?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. "घाबरले," म्हणाली.

"उंची कमी होती म्हणून?"

"नाही. उगाच घाबरले."

खोटं. मी शिकवतो, पोर उगाच घाबरली की तिचे हात कसे होतात ते मला माहीत आहे. आणि ही गेल्या दीड वर्षात एकदाही उगाच घाबरलेली नाही. माझ्या बाजूचं खोटं बोलत होती, माझाच जबाब खरा करून देत होती, आणि मला तिचा भयंकर राग येत होता. अधिकारी म्हणाला, निर्णय शुक्रवारी. मी गप्प बसलो. मी गप्प बसलो, हे लिहून ठेवतो.

बाहेर व्हरांड्यात तिला गाठलं. "तुला माझ्याकडून काय हवंय? सरळ सांग."

"काही नको, सर."

"मग हे कशासाठी? तुझं आयुष्य जातंय यात."

ती हसली, घसा खरखरला. "मी दुसरं काहीतरी करीन. तुम्हाला दुसरं काही येत नाही, सर."

१७ मार्च, मंगळवार

सकाळी खोलीचं दार लावून घेतलं. दोन पेन्सिली घेतल्या, हात लांब केले आणि टोकाला टोक लावायला लागलो. पहिल्यांदा बोटभर चुकलं. वाटलं, हात थरथरतोय. हात थरथरत नव्हता. दहा वेळा केलं, एकदा जमलं, तेही नशिबानं. पेन्सिली बदलल्या. खिडकीशी गेलो. मी किती कारणं शोधली याची मला आता लाज वाटते.

मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. समोरची खिडकी गेली. म्हणजे उजेड होता, पण चौकट नाही, गज नाहीत, काचेला कोणी चुना फासल्यासारखं. भिंतीवरचं घड्याळ नाही. दारात बायको येऊन उभी राहिली होती म्हणे. मला ती दिसलीच नाही, तिनं हाक मारली तेव्हा कळलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही पाण्याचा पेला माझ्या हाताशेजारी हवेत सोडलात ना, त्या दिवसापासून. पावणेतीन वर्षं होतील."

"सांगितलं का नाहीस?"

"चार वेळा सांगितलं. दर वेळी तुम्ही विचारलंत, तुला हे कोणी शिकवलं?"

मी पलंगावर बसलो. इतकी वर्षं दर महिन्याला एखादं तरी पोर मी शेजारी बसवून वर नेलं, आणि त्यांना सांगत राहिलो की आकाशात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे फाजील आत्मविश्वास. मला ढसाढसा रडू आलं. बायको शेजारी बसून राहिली, या वेळी उठून गेली नाही.

१९ मार्च, गुरुवार

काल दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. डाव्या डोळ्याचा पडदा गेलाय, तो परत येत नाही. उजव्यात मोतीबिंदू उतरतोय. विमान संपलं. डॉक्टरांनी मान हलवत विचारलं, "तुम्ही गाडी तर चालवत नाही ना?" बायकोनं माझ्याकडे बघितलं. दोघांनाही हसू आवरेना, डॉक्टर बिचारे चक्रावले.

आज सकाळी अधिकाऱ्यासमोर बसून नवा जबाब दिला. उंची कमी होती. मला ती कळली नाही, कारण मला ती दिसत नाही. विद्यार्थिनीचा आवाज बसला होता, तिनं उड्डाण नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. तिनं स्टिक ओढली म्हणून दोघं जिवंत आहोत. पहिला जबाब खोटा होता आणि तो मी दिला. परवाना, डॉक्टरचा दाखला आणि ती वही, तिन्ही टेबलावर ठेवलं. वहीतली नावं मात्र कुठे लिहू नका म्हटलं, पोरं आता मोठमोठ्या जागांवर आहेत.

त्यानं जबाब दोनदा वाचला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्यावर विश्वास नव्हता," मी म्हटलं. "कोणावरच नव्हता." तेवढं बोलून बाहेर आलो.

२१ मार्च, शनिवार

निर्णय काल आला. चिमणीवर काहीही ठपका नाही. प्लास्टर निघालं की तिनं पुढचं शिक्षण दुसऱ्या प्रशिक्षकाकडे सुरू करावं. माझं नाव क्लबच्या यादीतून काढलं आहे. क्लबच्या डॉक्टरांचीही चौकशी होणार. त्यांचा फोन आला होता, मी उचलला, बोलणं झालं, मैत्री राहील असं वाटत नाही.

संध्याकाळी चिमणीच्या घरी गेलो. बायको सोबत होती, पायरीशी तिनं दंड धरला आणि मी धरू दिला. चिमणी चहा घेऊन आली. मला वाटलं होतं खूश असेल. ती चिडलेली होती.

"तुम्ही मला विचारायचं तरी, सर. मी सगळं निभावून नेलं असतं."

"किती दिवस?"

तिनं डाव्या हातानं पेले मांडले. मी म्हटलं, "एक खरं सांग. इतके दिवस मी समजत होतो, उतरताना तुम्ही पोरं माझ्या धाकानं आकडे ओरडता. तुमचे आवाज कापायचे. मी मनात म्हणायचो, बरं आहे, मास्तरचा वचक आहे."

"धाक नव्हता, सर. भीती वाटायची. प्रत्येक वेळी. सगळ्यांनाच."

"मग चढत का होतात? कोणीही एक दिवस नाही म्हणायचं होतं."

अगदी सोपा प्रश्न मी चुकवावा तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही एकटे गेला असतात," ती म्हणाली.

बायकोनं माझा चहा माझ्या हातात नीट दिला. चिमणीचं प्लास्टर तीन आठवड्यांनी निघणार आहे.